दुसऱ्या शिफ्टची ताराआत्या

सेंटरमध्ये शिरल्यावर ताराआत्या कधी सरळ आपल्या बेडकडे गेली नाही. चपला दाराशी काढायची, वजनकाट्यावर उभी राहून आकडा बघायची आणि मग एकेका बेडपाशी थांबून आमच्या हातावर दोन बोटं ठेवत पुढे जायची. डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या हातात शीर आणि धमनी एकमेकींना जोडून फिस्टुला केलेला असतो. त्यावर बोट ठेवलं की आतली थरथर जाणवते, मांजर अंगाशी झोपून घुरघुरावं तशी. ती असली तरच मशीनला रक्त मिळतं. आत्या डोळे मिटून जरा वेळ थांबायची आणि म्हणायची, "जातं फिरतंय रं. दलन चालू हाय." मग पुढचा बेड.

पहिल्या दिवशी मी हात चादरीखाली ओढून घेतला होता. मी अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत क्वालिटी विभागात अधिकारी. वय एक्कावन्न. बरीच वर्षं ब्लडप्रेशरकडे दुर्लक्ष केलं आणि किडन्या घालवून बसलो. उल्हासनगरच्या त्या सेंटरमध्ये सोमवार-बुधवार-शुक्रवार, साडेअकरा ते साडेतीन, अशी दुसरी शिफ्ट मला मिळाली होती. ऑफिसात मी पाठीच्या ट्रीटमेंटचं कारण सांगितलं होतं. सोसायटीत तर काहीच सांगितलं नव्हतं. अशा अवस्थेत कोणी अनोळखी बाई येऊन माझा हात बघायला मागते हे मला सहन झालं नाही.

"लाजतोस कशाला?" ती म्हणाली. "हितं सगल्यांचा हात सारकाच. मना दाव, नायतर नीलेश दावायला लावीलच."

नीलेश हा आमचा टेक्निशियन. तो हसला आणि मी हात बाहेर काढला.

ताराआत्या बदलापूर गावातली. साठी ओलांडलेली, काळीसावळी, नऊवारी गुडघ्याच्या जरा खालपर्यंत नेसलेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. जमिनीचा मोठा तुकडा बिल्डरकडे गेला, तिथे आता सात मजल्यांच्या इमारती आहेत. उरलेल्या तुकड्यात ती भाजी लावायची. मुलगा बाळाराम टेम्पो चालवायचा आणि फेरीला निघताना तिला सेंटरला सोडायचा. मशीनवर तिला सातवं वर्ष चालू होतं. आमच्यात एवढा जुना माणूस दुसरा नव्हता. पालेभाजी आम्हाला वर्ज्य, तरी ती पालकाच्या जुड्या घेऊन यायची आणि बाहेर बाकावर बसलेल्या आमच्या माणसांना वाटायची. "तुमाला चालत नाय. पन तुमच्या पायी बसून राहिलेल्यांनी का उपाशी मरावं?"

आमचं सगळं जगणं पाण्याभोवती फिरायचं. किडनी बंद म्हणजे लघवी बंद. प्यालेलं पाणी अंगातच राहतं. मला दिवसाला एक लिटर होतं. त्यातच चहा, त्यातच आमटी, त्यातच गोळ्यांबरोबरचा घोट. मी खुणा केलेली बाटली जवळ ठेवायचो आणि दुपारनंतर तिच्याकडे बघत बसायचो. दोन डायलिसिसच्या मधे किती पाणी चढलं ते काटा सांगायचा. कोणी जास्त पिऊन आलं आणि कमीच प्यालो म्हणू लागलं, की आत्या पलीकडून म्हणायची, "मानूस खोटं बोलंल. काटा कशाला बोलंल, त्याला कोनाची लाज नाय."

ती समजूत काढणारी बाई नव्हती. पायात गोळे येऊन मी एकदा ओरडलो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "वरड. आवाज दाबलास की गोला वर चढतो." आणि मी खरोखरच ओरडलो. कंपनीत माझ्या हाताखाली चाळीस माणसं होती, त्यांच्यातल्या कोणी तो आवाज ऐकला असता तर ओळखला नसता.

आमच्या शिफ्टमध्ये खिडकीशी पिंगळे मास्तर असायचे. शांत माणूस. व्हीलचेअरवरून यायचे, व्हीलचेअरवरून जायचे. एका सोमवारी त्यांच्या जागी दुसरंच कोणी होतं. सेंटरमध्ये अशा वेळी कोणी काही विचारत नाही. फार तर "आले नाहीत का?" म्हणतात, नीलेश "नाही" म्हणतो, आणि विषय संपतो. त्या दिवशीही तेवढंच झालं. मशीनं सुरू झाली. अर्ध्या तासानं आत्यानं मान उचलून विचारलं, "मास्तर उंच व्हता का ठेंगू?"

कोणाला सांगता येईना. दोन वर्षं, आठवड्यातून तीन दिवस, चार चार तास आम्ही त्या माणसाच्या शेजारी काढले होते.

"म्हंजे बघा," आत्या म्हणाली. "आपुन एकमेकांना झोपलेलीच बघतो. हातात सुया घालून. एक दिस उभी बघू. पान्यावर जाऊ."

पाण्यावर म्हणजे तिच्या माहेराजवळच्या धरणाच्या तळ्यावर. बदलापूरच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. तिथे दत्तू नावाचा माणूस सहलीला येणाऱ्यांना तराफा भाड्यानं देतो, हे तिला ठाऊक होतं. मला वाटलं, दोन दिवसांत विसरेल. बुधवारी आली ती दिवस ठरवूनच. रविवार नको, रविवारपर्यंत सगळ्यांच्या अंगात पाणी साचतं. शनिवार. शुक्रवारी मशीन झालेलं, अंग हलकं. "आनि तुजी गाडी हाय," ती मला म्हणाली. "उद्या मना दत्तूकडं घेऊन चल."

गुरुवारी मी सुट्टी टाकून तिला घेऊन गेलो. तळ्याच्या काठी गाडीतून उतरलो, तिच्या शेजारी उभा राहिलो आणि चमकलो. बेडवर पडून बघताना ती मला नेहमी उंच वाटायची. ती जेमतेम माझ्या खांद्याला लागत होती.

तराफा काठाला बांधलेला होता. लोखंडी सांगाड्याखाली निळी पिंपं, वर फळ्या, चारी बाजूंनी कठडा, डोक्यावर ताडपत्री आणि मागे मोटार. वीस माणसं बसतील एवढा. दत्तू पन्नाशीचा, कमी बोलणारा. आत्यानं त्याला काही लपवलं नाही. आम्ही कोण आहोत, किती जण आहोत, सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"नाय जमायचं, आत्या. पान्याच्या मधी कोनाला काय झालं तर? माजा धंदा जाईल."

"जमिनीवर काय झालं तर कोनाचा धंदा जातो?"

"तसं नाय. डॉक्टरचं लिहून आन."

"डॉक्टर लिहून देनार नाय. डॉक्टर म्हनंल, घरी बसा." ती खाली फळीवर बसली. "दत्तू, तू पिकनिकवाल्यांना नेतोस. बाटल्या घेऊन येतात, नाचतात, पान्यात उड्या मारतात. त्यांच्याकडं मागतोस का लिहून? आमी नाचनार नाय. आमी बसनार."

दत्तू माझ्याकडे बघू लागला. माझे कपडे बघून त्यानं मला शहाणा माणूस समजलं असावं. "साहेब, तुम्ही सांगा. तुम्ही यांच्यातले कोण?"

मी शर्टाची बाही वर केली आणि फुगलेल्या शिरांचा हात त्याला दाखवला. सेंटरबाहेरच्या कोणा परक्या माणसाला मी तो पहिल्यांदाच दाखवत होतो. "यांच्यातलाच," मी म्हणालो. दत्तूनं हाताकडे बघितलं, मग पाण्याकडे. शेवटी म्हणाला, जॅकेट सगळ्यांनी घालायचं, काठ नजरेआड होऊ द्यायचा नाही आणि मशीनचं शिकलेला कोणी तरी बरोबर हवा. नीलेश येतो म्हणाला होताच.

पौषातला शनिवार होता. आम्ही सात पेशंट, प्रत्येकाबरोबर घरचं एक माणूस, ब्लडप्रेशरचं यंत्र घेतलेला नीलेश आणि दत्तू. माझ्याबरोबर माझी बायको मेधा. आत्याबरोबर तिची सून. फक्त लच्छूभाई एकटा आला होता.

लच्छूभाई म्हणजे माझ्या शेजारच्या बेडवरचा. उल्हासनगरात त्याचा जीन्स शिवायचा छोटा कारखाना. आयुष्यभर मोठी कात्री चालवून अंगठ्याशी घट्टा पडलेला. उभा राहिला तेव्हा कळलं, सहा फुटांचा माणूस. हातात फिस्टुला झाल्यापासून कापडाचा तागा उचलायची बंदी, म्हणून धंदा दोन मुलांनी हातात घेतला होता. त्याच्या बोलण्यात सिंधी, हिंदी, मराठी सगळं मिसळलेलं. गेल्या काही आठवड्यांत ते बोलणंही कमी झालं होतं. दोनदा तो मशीनला आलाच नव्हता. गावाला गेलो होतो, म्हणाला.

तराफा सुटला. काठ हळूहळू मागे गेला. पाणी शांत होतं, हिरवट, खोल. आम्ही पाण्याकडे बघत होतो, आणि आमची माणसं आमच्याकडे. आत्यानं थर्मासमधून बर्फाचे बारीक तुकडे काढून प्रत्येकाच्या तळहातावर एकेक ठेवला. "चोका. गिलू नका. एकच." दुपारी तांदळाची भाकरी आणि तिनं स्वतः केलेलं अळणी कोंबडीचं कालवण. जेवण झाल्यावर तिनं हुकूम सोडला, "आता उभं ऱ्हा सगले. कठडा धरून. बघून घ्या." आम्ही उभे राहिलो, केशरी जॅकेटं घातलेले सात जण, ओळीनं. कोणी तरी हसलं, आणि मग सगळेच हसलो. मेधानं फोटो काढला.

हसणं संपत आलं तेव्हा मला लच्छूभाई दिसला नाही. तो तराफ्याच्या पुढच्या टोकाशी, कठडा जिथे उघडा होता तिथे गुडघे टेकून बसला होता. वाकून ओंजळीनं पाणी पीत होता. घाईनं, हनुवटीवरून ओघळू देत.

"लच्छूभाई!" नीलेश पुढे धावला.

आत्यानं हात आडवा धरून त्याला थांबवलं. ती सावकाश जाऊन लच्छूभाईच्या शेजारी बसली. त्यानं दुसरी ओंजळ भरली, तीही त्याला पिऊ दिली. तिसरी भरायला वाकला तेव्हा तिनं त्याचं मनगट धरलं.

"ग्वाड हाय?" तिनं विचारलं.

"बहुत मीठा, आत्या."

"कधी ठरवलंस?"

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो आणि मला प्रश्न कळला नाही. लच्छूभाईला कळला. "सोमवारसे नहीं आनेका. बस झालं, आत्या. तीन साल झाले. आज सबको मिल लिया, खतम."

"पोरं काय बोलली?"

"बेटे अच्छे हैं. वही तो. धंदा सोडून एक जण माझ्यासाठी चार चार घंटे बाकड्यावर बसतो. मेरे को देखके दोनों हसते हैं. मेरे को दिखता है ना, जबरदस्ती हसते हैं."

मला वाटलं, ती आता त्याला रागावेल, देवाचं नाव घेईल, मुलांची शपथ घालेल. तिनं त्यातलं काही केलं नाही. मनगट तसंच धरून ती खालच्या आवाजात बोलू लागली. मोटार बंद होती, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं.

"दुसऱ्या वर्साला मी बंद केलं व्हतं. कोनाला नाय सांगितलं. घरी बसले. मना वाटलं, झोपंत जाईन. पाचव्या दिसाला छातीत पानी भरलं. आडवं व्हता येईना, बसता येईना. घरात बसून बुडत व्हते मी, लच्छू. हितं पान्यात पडला तर मानूस एकदाच बुडतो. तसं बुडायला लय वेल लागतो. पोरगा समोर बसून बघत व्हता. त्याचा चेहरा मना अजून दिसतो. मीच बोलले त्याला, उचल, ने मना. मोटं काय कारन नव्हतं. त्याच्यानं बघवत नव्हतं, माज्यानं त्याला बघवत नव्हतं. येवडंच."

लच्छूभाई रडायला लागला. एवढा उंच माणूस, केशरी जॅकेटमध्ये पाठ वाकवून.

"तुला ये म्हनत नाय मी," आत्या म्हणाली. "तुजं अंग, तुजा जीव. पन चोरून नको. पोरांना समोर बसव नि सांग, मी थकलो. त्यांना पन सांगू दे ती थकली का नाय. हसून कोनाचं भागतंय?"

त्यानंतर तिनं दत्तूला मोटार चालू करायला सांगितली. काठ येईपर्यंत तिनं त्याचं मनगट सोडलं नाही. नीलेशनं दोनदा ब्लडप्रेशर घेतलं. दत्तूनं तराफा एवढ्या हळू काठाला लावला की दोरी बांधली तेव्हाच आम्हाला पोचल्याचं कळलं.

परतताना गाडीत, अंबरनाथ पूर्वेला पूल उतरताना मेधा म्हणाली, "तुझ्यासमोर मीही हसतेच की." मी गाडी बाजूला घेतली. आम्ही तिथेच बसून बोललो. दोन वर्षांत न बोललेलं. तिला माझ्या जिवाची भीती वाटायची, मी झोपलेला असताना ती माझ्या नाकाशी हात धरून बघायची, हे मला त्या दिवशी कळलं. सोमवारी सकाळी मी माझ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि पाठीचं नाही, किडनीचं आहे, असं सांगितलं. ते उठून माझ्या खुर्चीशी आले. मला ते पुरेसं वाटलं.

त्याच सोमवारी साडेअकराला लच्छूभाई काट्यावर उभा होता. दोन्ही मुलं बरोबर. डोळे तिघांचेही सुजलेले. आकडा बघून नीलेशनं कपाळाला हात लावला. आत्या आपली फेरी घेत लच्छूभाईच्या बेडपाशी आली, हातावर बोटं ठेवली, नेहमीचं वाक्य बोलली आणि पुढे गेली. तळ्याबद्दल ती त्याच्याशी पुन्हा एक अक्षर बोलली नाही. कोणी तिच्या त्या दिवसाचं कौतुक करू लागलं की म्हणायची, "मी काय केलं? दत्तूचा तराफा, दत्तूची मोटार."

तिचं हे मला फार उशिरा कळलं. तिला आमच्याकडून धैर्य वगैरे नको होतं. आपण घरच्यांसमोर जे नाटक करतो त्याचा तिला राग होता. "बरी हाय म्हनायला काय लागतं? जीभ हलवायची. पन ऐकनाऱ्याला नंतर काय बोलता येत नाय," असं ती एकदा सुनेसमोरच म्हणाली होती. सून तिच्याशी भांडायची, ओरडायची, आणि आत्याला ते आवडायचं.

पुढे आठ महिने ती आली. गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात, गुरुवारी संध्याकाळी, अंगणात चहा पिता पिता तिचं हृदय बंद पडलं. बशी हातातच होती, असं सून म्हणाली. डायलिसिसवरची माणसं बरीचशी अशीच जातात. डॉक्टरांनी आम्हाला ते आधीच सांगून ठेवलेलं असतं.

शुक्रवारी सकाळी बाळारामचा फोन आला. पेणहून त्याची बहीण यायची होती, म्हणून बाराला नेणार होते. आमची शिफ्ट साडेअकराची. मी म्हणालो, "मी येतोय. मशीन उद्या बघू."

"काका, येऊ नका," बाळाराम म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "आईनं कधीच सांगून ठेवलंय. माज्यासाठी मशीन चुकवून कोनी आला तर मी त्याचं तोंड बघनार नाय. असंच बोलली व्हती."

लच्छूभाईचाही फोन आला. "साब, क्या करना है?" मी त्याला बाळारामचं बोलणं सांगितलं. तो म्हणाला, "ठीक आहे. चलो."

आम्ही सहाही जण सेंटरला गेलो. सुया टोचून घेतल्या, आडवे झालो. तिच्या बेडवर नवीन पेशंट आली होती, पहिलाच दिवस, भेदरलेली. यादीत नाव असतं, जागा मोकळी राहत नाही. बाहेरचा बाक मात्र त्या दिवशी रिकामा होता. आमची बसायची माणसं बदलापूर गावाला गेली होती. बारा वाजले तेव्हा मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. लच्छूभाईही बघत होता. नीलेश मशीनांच्या मधे हात बांधून थोडा वेळ उभा राहिला, मग कोणाचं तरी ब्लडप्रेशर घ्यायला गेला.

नव्या बाईनं लच्छूभाईला हळूच विचारलं, "काय झालंय का आज?"

तो तिला सांगू लागला. मराठीत, हिंदीत, जमेल तसं. आत्या कोण, कुठली, काय म्हणायची, तळ्यावर आम्हाला कशी घेऊन गेली. स्वतः पाणी प्यालेलंही सांगितलं. साडेतीन वाजेपर्यंत तो बोलत होता आणि मधे मधे आम्ही भर घालत होतो.

मशीनं सुटली तेव्हा मेधा परत आली होती. घरी जाऊन अंघोळ करून आली होती, केस ओले होते. सुया काढल्यावर त्या जागी कापूस दाबून धरावा लागतो, साधारण दहा मिनिटं. मी आणि लच्छूभाई बाकावर शेजारी शेजारी हात दाबून बसलो होतो. मेधा आमच्यासमोर उभी राहून सांगू लागली. गर्दी होती. गावच्या बायकांनी विचारलं, तुम्ही कोणाकडच्या, तर बाळारामच म्हणाला, ही आईच्या शिफ्टची माणसं, यांना पुढे येऊ द्या. लच्छूभाईच्या दोन्ही मुलांनी खांदा दिला. दत्तू आला होता.

"दोन्ही?" लच्छूभाईनं विचारलं. "कारखान्यात कोण होतं?"

"बंद ठेवला होता," मेधा म्हणाली.

त्यानं मान हलवली. दहा मिनिटं झाली म्हणून मी कापूस उचलून बघितला आणि पुन्हा दाबला. त्यानंही तेच केलं. दोघांचंही रक्त थांबायला त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.